गार उकळी

शिट्टी झाली आणि मला कळलं की घरात कुणी नाही.

एरवी आमच्या घरी कुकरची शिट्टी एकटी होत नाही. ती झाली की बाहेरच्या खोलीतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडतात, "येक झाली गंऽ!" आणि पाठोपाठ माझी सात वर्षांची हर्षाली ओरडते, "एक झाली गंऽ!" आज शिट्टी झाली, विरली, पाळण्यातला धाकटा तेवढा दचकला आणि परत झोपला. कुणीच मोजली नाही.

बाहेर येऊन पाहिलं. आत्याबाईंच्या चपला नाहीत, हर्षूच्याही नाहीत. खिडकीत लवंगांची डबी उघडी पडलेली. म्हणजे दाढ पुन्हा ठणकली होती.

"अहो, उठा," मी जयसिंगला हलवलं. माझा नवरा चाकणच्या एका मोल्ड शॉपमध्ये, म्हणजे साच्यांच्या कारखान्यात आहे. शनिवारची सेकंड शिफ्ट करून आलेला हा माणूस रविवारी दहापर्यंत नुसता ओंडका असतो. "आत्याबाई वाफेबाबाकडे गेल्या."

"येईल वाफ घेऊन," ओंडका उशीत बोलला.

"हर्षूलाही नेलंय. तिचा पुढचा दात हलतोय ना!"

ओंडका उभा राहिला. मी गॅस बंद केला, धाकट्याला पाळण्यातून उचलून त्याच्या खांद्यावर टाकलं आणि आम्ही निघालो.

मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात ही गर्दी! तीन दिवसांपूर्वी गावात उतरलेल्या या बाबाची कीर्ती तोवर चाकण चौकापर्यंत पोचली होती. बाबाचं वय असेल पस्तीस, दाढी मात्र नव्वदीची. समोर चौरंगावर पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. खाली चूल नाही, शेगडी नाही, वायर नाही. आणि तरी ते पाणी नुसतं खदखदत होतं! पांढरीशुभ्र वाफ घंगाळाच्या काठावरून ओघळून चौरंगावर, चौरंगावरून सतरंजीवर पसरत होती. पुढच्या रांगेतल्या बाया ती ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावत होत्या. मागचे मोबाइल उंच धरून उभे.

"आग नाही! गॅस नाही! मीटर नाही!" माइकवर बाबा गरजला. "डॉक्टर काय करतो? आधी सुई टोचतो, मग बिल टोचतो! आणि त्याची हत्यारं? कुणाच्या तोंडातून आली, कुणाला ठाऊक! इथं बघा, तुमच्या डोळ्यांदेखत उकळून शुद्ध!" त्यानं लाकडी सांडशीनं उकळीतली दात उपटायची पक्कड बाहेर काढली. पकडीतून वाफ गळत होती. "हात लावू नका, पोळेल! पण भक्ताच्या जबड्यात शिरताच हिचं होतं काय?"

"बरफ!" गर्दी एका सुरात ओरडली. पाठ झालं होतं सगळ्यांना.

शेजारचा मुरारी गालाला कापूस लावून उभा होता. "खरंच वहिनी," तो फुगल्या तोंडानं म्हणाला. "उकळत्यातनं काढली आणि तोंडात आइस्क्रीमवानी गार! हिरडी बधिर. दात कधी गेला कळलं न्हाई. तीन दिवसांत अकरावा नंबर माझा."

"आणि बारावा कुणाचा?"

मुरारीनं बोट दाखवलं. बाबासमोरच्या स्टुलावर माझ्या आत्याबाई, पदर खोचून, तोंड उघडायच्या तयारीत. मांडीशी हर्षू, मुठीत पाच रुपयांचं चॉकलेट. हे बाबाकडे यायचं बक्षीस. आजीनं दात काढून घ्यायला चॉकलेटची लाच दिली होती!

आता इथं सांगायला हवं की मी निगडीला डॉक्टर इफ्फत मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात रोज चार तास काम करते. हत्यारं धुणं आणि निर्जंतुक करणं माझ्याकडे. आत्याबाईंची दाढ मॅडमनीच पाहिली होती. रक्तातली साखर तीनशेवर. मॅडम म्हणाल्या, "काकी, आत्ता काढली तर जखम चिघळेल. गोळ्या घ्या, साखर उतरू द्या, मग काढू." त्यावर आत्याबाई म्हणाल्या होत्या, "साखर उतरंस्तवर माझा जबडा उतरंल!"

मी गर्दीतून घुसले. "आत्याबाई, उठा. अकरा जणांच्या रक्तातली पक्कड आहे ती!"

"उकळलीया की!" आत्याबाई स्टूल सोडेनात. "तूच सांगितलंस न्हवं?"

"मी?"

"व्हय, तूच!" कस्तुरावहिनी मागून ठणकावून बोलल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय भाषण ठोकलंस? 'बायांनो, हत्यारं उकळलेली डोळ्यांनी बघा, मगच तोंड उघडा.' आता बघतोय आम्ही डोळ्यांनी. झालं समाधान?"

बाया हसल्या. बाबा दाढीतून हसला. मी खरोखर तसंच म्हणाले होते. वाणात स्टीलच्या वाट्या वाटता वाटता, घाईत, बायांना सोपं पडावं म्हणून मी 'उकळलेलं' म्हणाले होते आणि माझंच वाक्य आता माझ्यासमोर घंगाळात खदखदत होतं. पक्कड आत्याबाईंच्या तोंडापासून वीतभर.

तेवढ्यात हर्षू म्हणाली, "आई, आपल्या कुकरची वाफ वर जाते. या वाफेबाबांची खाली का पडते?"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाळ, ही नम्र वाफ आहे," बाबा म्हणाला. "देवाच्या पायाशी जाते."

पण मी घंगाळ बघत होते. खरंच की! वाफ वर जातच नव्हती, सांडलेल्या दुधासारखी खाली ओघळत होती. आणि घंगाळाच्या बाहेरच्या अंगाला टिपूस टिपूस पाणी धरलेलं. उकळत्या पातेल्याला बाहेरून असा घाम कधी आलाय? घाम फ्रीजमधल्या बाटलीला येतो.

"महाराज," मी एकदम गोड आवाज काढला. जयसिंग सांगतो की हा आवाज लागला की तो घाबरतो. "केवढं तापलंय हो पाणी?"

"लोखंड विरघळेल!"

"मग चॉकलेट विरघळेल?"

"चॉकलेट?" बाबाची सांडशी थांबली.

"हर्षू, दे गं."

"नाही!" हर्षूनं मूठ पाठीमागे नेली.

"दुसरं देईन."

"दोन."

"दोन. पण खाल्ल्यावर दात घासायचे."

ती जरा नाराज झाली, पण सौदा पटला. मुठीत धरून धरून चॉकलेट पार मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं झालं होतं. मी ते कागदासकट सगळ्यांना दाबून दाखवलं. कस्तुरावहिनींनी दाबलं, माजी सरपंच आबाजींनी चष्मा लावून दाबलं. मग बाबा "अपवित्र! अपवित्र!" म्हणेपर्यंत त्याच्याच हातातली लाकडी सांडशी घेऊन मी चॉकलेट उकळीत धरलं.

"मोजा गं बायांनो!"

आणि काय सांगू, सगळा मांडव मोजायला लागला! आकडे मोजायला कुणाला आवडत नाही? एक, दोन, तीन... आत्याबाई सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशा. शंभर झाले. मी चॉकलेट बाहेर काढलं आणि घंगाळाच्या कडेवर आपटलं.

टॉक!

मी पुन्हा आपटलं. टॉक! टॉक! आबाजींनी ते हातात घेतलं आणि दचकून म्हणाले, "आयला, हे तर गारठलंय!"

"गार हाय?" आत्याबाईंनी तोंड मिटलं. बरोबर मिटलं.

"भावा, थांब थांब," माझ्यामागून जयसिंगचा आवाज आला. धाकटा खांद्यावर घेऊन तो चौरंगापाशी वाकला होता. त्यानं चौरंगामागची भगवी चादर वर केली. खाली थर्माकोलचं खोकं. झाकण उघडलं तर आत पांढऱ्या कांड्या, धुमसणाऱ्या. "अरे, हा तर सुका बर्फ! ड्राय आइस! आमच्या शॉपला साचे साफ करायला रोज वापरतात. पाण्यात टाकला की बुडबुडे आणि धूर. उकळी नव्हे राव, बर्फ विरतोय! हात लावू नका कुणी, नुसत्या हातानं धरला तर कातडी जळते. म्हणून याला लाकडाची सांडशी लागते!"

"आणि तोंडात गार लागली तो चमत्कार न्हवं?" मुरारीनं विचारलं.

"मुरारी, पक्कड गार होती म्हणून गार लागली!" मी म्हणाले. "बर्फानं हिरडी बधिर झाली. एवढंच."

मुरारीनं गालावरचा कापूस चाचपला. "व्हय की," तो हळूच म्हणाला. "गार लागलं तवाच कळाया पायजे हुतं."

हसूच फुटलं सगळ्या मांडवाला! आबाजी हसता हसता खोकायला लागले. कस्तुरावहिनी "नम्र वाफ! नम्र वाफ!" करत गडबडा लोळायच्या बाकी होत्या. बाबानं तत्काळ मौन धरलं आणि मौनातच चपला शोधायला लागला. आबाजींनी त्याच्या चपलांवर पाय ठेवला आणि पोलीस चौकीला फोन लावला.

मला मात्र पूर्ण हसता येईना. मी चौरंगावरची पक्कड घेतली, धाकट्यासाठी आणलेल्या धुतलेल्या पांढऱ्या लंगोटात तिचा सांधा धरला, दोनदा उघडमीट केली आणि लंगोट वर धरला. त्यावर तांबूस-काळा डाग उमटला होता.

मागचे मोबाइल एकेक करत खाली आले.

"वहिनी," मुरारीचा चेहरा उतरला, "मला काय हुईल का?"

"बहुतेक काही नाही," मी म्हणाले. "पण बहुतेकवर राहू नका. रक्तातून कावीळ पसरते, आणखीही आजार पसरतात. अकराही जणांनी उद्या सरकारी दवाखान्यात जाऊन खरं ते सांगा, रक्त तपासा, पुन्हा बोलावतील तेव्हा पुन्हा जा." अकरा जणांची नावं कस्तुरावहिनींनी तिथंच मोबाइलमध्ये उतरवली.

मग आबाजींनी बाबाचाच माइक माझ्या हातात दिला.

"मी संक्रांतीला अर्धवट सांगितलं, माझी चूक झाली. नुसतं उकळलेलं बघून भुलू नका. खरोखर उकळलेलं पाणीसुद्धा सगळे जंतू मारत नाही. आणि खरकटा कुकर न घासता आपण त्यात पुन्हा भात लावतो का? तसंच आहे हे. आधी हत्यार घासून धुवायचं, सांध्यातलं रक्त काढायचं, मग दाबाखालच्या वाफेत ठेवायचं. डॉक्टरला विचारा, बाबाला विचारा, मला विचारा: घासलं का? किती वेळ वाफवलं? हत्याराचं बंद पाकीट माझ्यासमोर फोडणार का? खरं काम करणारा माणूस असं विचारल्यावर रागवत नाही. दाखवतो."

"मंग मला दाव," खालून आत्याबाई म्हणाल्या. "तुजा त्यो कुकर मी बघणार. त्याबिगर मी तोंड उघडायची न्हाई!"

साखर उतरायला सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी बसनं आम्ही तिघी निगडीला. इफ्फत मॅडम आत्याबाईंना आधी मागच्या खोलीत घेऊन गेल्या. "या काकी, तुमच्या सूनबाईंचं राज्य बघा."

मी जाड हातमोजे चढवले. भिजत घातलेली हत्यारं काढली, ब्रशनं पात्या, दांडे, सांधे उघडून घासले, धुतले, भिंगाखाली धरले, कोरडे केले. पाकिटात घालून पाकीट बंद केलं. मग मोठा कुकर, ज्याला दवाखान्यात ऑटोक्लेव्ह म्हणतात: एकशे एकवीस अंश, पुरी पंधरा मिनिटं, आणि वर पाकिटं सुकायचा वेळ. याला शिट्टी नसते, तर आत्याबाईंना करमेना. "येक झाली का गं?" त्या दोनदा विचारून गेल्या.

मशीन थांबलं. पाकीट कोरडं निघालं. मी त्यावरची छोटी पट्टी दाखवली. "हे बघा. आत जाताना गुलाबी होती, आता तपकिरी. हवी तेवढी वाफ लागल्याशिवाय रंग बदलत नाही."

आत्याबाईंनी पट्टी उजेडात धरली, अंगठ्यानं घासून पाहिली. रंग निघाला नाही. "हां," त्या म्हणाल्या आणि रुबाबात जाऊन खुर्चीवर बसल्या. मॅडमनी पाकीट त्यांच्यासमोर फाडलं. भुलीची सुई दिली, तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "ही बी पाकिटातली हाय न्हवं?" मॅडम हसत म्हणाल्या, "बिलकुल."

दाढ निघाली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर असा विजय, जणू त्यांनीच ती काढली.

हर्षू मात्र खुर्चीजवळ नव्हती. फाटलेलं पाकीट टोपलीत टाकण्याआधी तिनं मागून घेतलं होतं आणि त्यावरची तपकिरी पट्टी नाकाशी धरून बघत बसली होती.

"आई, जंतू दिसतात?"

"नाही गं. फार बारीक असतात."

"मग ते मेले, हे तुला पट्टीनं सांगितलं?"

"हो."

तिनं पट्टी उलटी केली, मागून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"बाबाचं पाणी गार होतं, ते आपण चॉकलेट घालून बघितलं," ती म्हणाली. "पट्टी खरं बोलते, हे तू काय घालून बघितलंस?"