सावलीची दोरी

डॅन्यूबकाठच्या दलदलीच्या मातीत चुना आणि सिमेंट कालवून पाया घट्ट करायचं काम चाललं होतं. मुकादम रादोयला कुणाला तरी छळल्याशिवाय जेवण जात नसे. भर दुपारी त्यानं मागून येऊन म्हाताऱ्या स्तोइलची सावली दोरीनं मोजली आणि स्तोइलच्याच हातानं नुकत्याच कालवलेल्या मातीत ती दोरी टाकली. वरून रोलर फिरला.

"झालं! आता पाया टिकणार, आणि बाबा चाळीस दिवसांत खपणार. जुने गवंडी असंच करायचे ना?"

सगळे मजूर खिदळले. स्तोइलही हसला. पण त्या दिवसापासून त्याला घास उतरेना, बघता बघता तो निम्मा झाला. शेवटी त्यानं रादोयचे पाय धरले.

"मुकादम, तेवढी दोरी काढू द्या."

रादोयनं टिकाव त्याच्यापुढे फेकला. "काढ की! नको कोण म्हणतंय?"

स्तोइलनं घाव घातला. टिकाव खणकन उडाला, हाताला झिणझिण्या आल्या, जमिनीवर पांढरा ओरखडा तेवढा उठला. पुन्हा घातला. मग तो मटकन खाली बसला.

"काय हे बाबा," रादोय म्हणाला, "जन्मभर कच्चं काम केलंस, आणि नेमकी हीच माती एवढी पक्की कालवलीस होय?"