वातीचा माणूस

मेणबत्तीवाल्या काकूंचं नवऱ्याबद्दल पक्कं मत होतं: माणूस कामाला चोख, पण मेलेल्यांचे सण आले की वाया गेलेला! चाळीस वर्षं मेण काकूंनी ओतलं, वाती काकांनी भरल्या. पावसाळा सरून थंडी पडायला लागली, माल पोचता झाला, की ऐन सणाच्या संध्याकाळी स्वारी गायब. "गेले असतील पत्ते कुटायला," काकू फणकारायच्या. विचारलं तर काका नुसते हसायचे.

या उन्हाळ्यात काका गेले. वाती काकूंनी एकटीनेच भरल्या.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हांची! टेकडीवरचे लोक थडग्याथडग्यावर जाड मेणबत्ती लावत, ती सकाळपर्यंत जळायलाच हवी. नदीकाठचे बुटक्या मेणबत्त्या कागदी होड्यांत ठेवून सोडून देत. शेजारचा शिंपी तर टेबलाशी रिकामी खुर्ची मांडून वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईशी तासभर गप्पा मारी, वर भांडेसुद्धा! काकूंना या सगळ्यांचं भारी कौतुक. "गेलेल्या माणसाला कसं मानानं बोलावतात बघ," त्या सुनेला सांगायच्या. काकांसाठी मात्र काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या घरात असलं काही कधी केलंच नव्हतं.

सणाच्या दिवशी संध्याकाळी त्या दुकान आवरायला बसल्या आणि बघतात तर काय! जाड वातीचं रीळ जसंच्या तसं होतं! टेकडीच्या दोनशे जाड मेणबत्त्यांत बारीक वात गेली होती. बारीक वात वितळलेल्या मेणात बुडते, दीड-दोन तासांत ज्योत संपते. दोनशे घरांची गेलेली माणसं आज अंधारात राहणार, आणि तेही आपल्या हातून.

"आई, फोन करून सांगा ना त्यांना," सून म्हणाली.

"फोनवर कसली माफी मागायची!" काकूंनी चपला चढवल्या.

टेकडी चढेपर्यंत दिवेलागण होऊन तास उलटला होता. ओळीच्या ओळी पेटलेल्या, आणि ज्योती आत्ताच मिणमिणायला लागलेल्या. काकूंनी दफनभूमीच्या रखवालदाराला गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगून टाकलं. तो चिडला नाही. खोलीत गेला आणि मान वाकवलेला एक पत्र्याचा चमचा घेऊन आला.

"काकांचा आहे," तो म्हणाला. "दर वर्षी यायचे. ज्योत बुडायला लागली, की साचलेलं मेण या चमच्यानं काढून टाकायचे. रात्रभर फेऱ्या चालायच्या."

"काय सांगतोस! अरे, पण वाती तर ते स्वतः भरायचे, बुडतील कशा?"

रखवालदार जरा चाचरला. "म्हणायचे, मेण ओतताना तिचा हात घाईचा आहे, वात कलते. पण तिला सांगू नका हं, घर डोक्यावर घेईल."

काकूंना हसू आलं, आणि हसताहसताच रडू फुटलं. चाळीस वर्षं पत्त्यांवरून शिव्या खाल्ल्या या माणसानं, पण आपल्या बायकोच्या कामाला कधी नाव ठेवू दिलं नाही! केवढं मोठं मन म्हणायचं!

त्यांनी पदर खोचला. पहिल्या थडग्याशी वाकून मेण काढलं, तशी ज्योत सरसरून वर आली. ते बघून थडग्यांशी बसलेली घरोघरची माणसंही डब्यांतले चमचे घेऊन कामाला लागली. एक म्हातारी तर थडग्यातल्या आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा हो, विझू देत नाही!"

शेवटच्या ओळीपलीकडे एक बाक होता. त्यावरही एक मेणबत्ती जळत होती.

"ही कुणाची? इथे तर थडगं नाही," काकूंनी विचारलं.

"काकांची," रखवालदार म्हणाला. "फेऱ्यांच्या मधे ते इथेच टेकायचे. आमच्यातले नव्हते, पण यंदा सगळ्यांनी मिळून लावली."

तीही बुडायला आली होती. काकूंनी हाताची अजिबात घाई न करता थेंब थेंब मेण काढलं. ज्योत उभी राहिली. मग त्यांनी पाय झाडले आणि साडी सावरली.

"अहो, सरका जरा," त्या म्हणाल्या आणि मेणबत्तीशेजारी बसल्या.