रविवारचं पाणी

मी झारी बोलतेय. बागेत पाणी घालायची, पत्र्याची, हिरव्या रंगाची. हिरवा रंग आता मुठीखाली तेवढा उरलाय, बाकी सगळा गंज.

मला एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने घडवलं. हात चांगला होता त्याचा, पण त्या दिवशी दाढ ठणकत होती. एका हाताने गाल दाबून दुसऱ्याने त्याने माझ्या सांध्याला कथलाचा डाग दिला, आणि माझी तोटी जराशी डावीकडे वळली ती वळलीच. दुकानात गिऱ्हाईक मला उचलायचं, तिरपी तोटी बघायचं आणि शेजारची झारी घेऊन जायचं. कित्येक महिने मी खालच्या फळीवर धूळ खात पडले. शेवटी एक काकू आल्या. डावखुऱ्या होत्या. मला हातात तोलून म्हणाल्या, "ही तर माझ्यासाठीच केलीये."

त्यांचं घर बैठं, चार खोल्यांचं. मागे बाग. मोठी नाही, या टोकाला माझ्यातून धार धरली, की त्या टोकाला पोचेपर्यंत मी रिकामी व्हायची. तीन गुलाब, एक लिंबू, शेवंतीचा वाफा आणि भिंतीकडेला टोमॅटो. काकूंबरोबर मी एकोणीस उन्हाळे काढले. उन्हाळ्यात दोन्ही वेळा पाणी, तेही मुळाशी. पावसाळ्यात मला धुऊन, पालथी घालून पडवीत टांगायच्या. थंडीत शेवंतीला कळ्या लागल्या, की फक्त सकाळी, अर्धी झारी. काकू झाडांशी खूप बोलायच्या. माझ्याशी कधीच नाही. हातातल्या वस्तूशी कोण बोलतं?

काका लांब पल्ल्याची बस चालवायचे. आठवड्यातले दोन दिवस घरी, तेही झोपलेले. बाग त्यांनी मागच्या खिडकीतूनच पाहिलेली. ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी काकूंनी अंथरूण धरलं. एके दिवशी दोघं रिक्षात बसून दवाखान्यात गेली. बारा दिवसांनी काका एकटेच परत आले.

आले ते थेट मागे, नळापाशी. मला भरायला लावलं. शेजारच्या नर्सबाई कुंपणाच्या बुटक्या भिंतीशी उभ्या होत्या. त्याही निवृत्त, एकट्याच राहणाऱ्या. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "झाडांना पाणी घालत जा, म्हणाली. तेवढंच म्हणाली."

त्या दिवसापासून काकांनी पाण्याचं वेळापत्रक लावलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. पुढे पावसाळा लागला. मला वाटलं, आता आपली सुट्टी. पण सहाला काका आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मी.

"अहो ड्रायव्हरसाहेब," नर्सबाई खिडकीतून ओरडल्या, "वरून एवढं कोसळतंय, झारी कशाला?"

"तिने सांगितलंय."

"पाऊस नसताना घाला, असं म्हणायचं असेल त्यांना."

"तसं काही म्हणाली नाही."

नर्सबाई हसायला लागल्या होत्या, त्या मधेच थांबल्या.

गुलाबांची पानं पिवळी पडली. काकांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी झारीभर जास्त घालायला सुरुवात केली. मला कळत होतं. माझ्याच पोटातून जात होतं ना ते! पण झारीला नाही म्हणता येत नाही. ती कलंडवली, की ओतते.

पाऊस ओसरल्यावर काकांनी एक गुलाब जरासा हलवून पाहिला. तो अख्खाच हातात आला. मुळं काळी, लिबलिबीत. काका तसेच चिखलात बसले. मग त्यांनी ते रोप वर्तमानपत्रात गुंडाळलं, मला काखेत मारलं आणि रोपवाटिका गाठली.

तिथल्या बाईने मुळं हुंगली. "काका, पाण्याने मेलंय हे. किती घालत होता?"

काकांनी मला पुढे केलं. "ही. दोन वेळा. भरून."

"पावसातसुद्धा?" तिने त्यांचं बोट धरून एका कुंडीत खुपसलं. "ओलं लागलं ना? मग त्या दिवशी झारीला हात लावायचा नाही."

"हे तिने नाही सांगितलं मला."

"राहून गेलं असेल हो, काका," ती हळूच म्हणाली.

त्या थंडीत काकांनी पुन्हा शेवंती लावली. दुसरा गुलाबही कुजलाच होता; उरलेला तिसरा आणि लिंबू सावरलं. रोज सहाला यायचे, मातीत बोट घालायचे. माती ओली असली, की मला रिकामीच हातात धरून उभे राहायचे, जितका वेळ पाणी घालायला लागला असता तितका. पाणी नसताना मला धरून उभा राहिलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला ते दिवस बरे वाटत. काकांना बरे वाटत होते की नाही, कोण जाणे.

उन्हाळ्याच्या तोंडावर काका न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. लेक आली. तिचं घर दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर.

"बाबा, आता एकटं राहायचं नाही. तिकडे गॅलरीत कुंड्या लावू आपण."

काका खुर्चीतूनच नर्सबाईंना म्हणाले, "बागेवर लक्ष ठेवा. नाही म्हणू नका."

"निर्धास्त जा," नर्सबाई म्हणाल्या.

जाताना लेकीने मागच्या नळाचं पाणीच बंद केलं. नळ गळत होता, घरात ओल येईल म्हणून. नर्सबाई मग भिंतीवरून आपल्या घरचं पाणी तांब्याने फेकायच्या. जवळच्या झाडांपर्यंत पोचायचं, पलीकडे नाही. त्यातच त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं. दोन महिने त्या भावाकडे राहिल्या.

ते दोन महिने ऊन होतं आणि मी होते. आधी शेवंती गेली. मग टोमॅटो. गुलाबाने बरेच दिवस काढले, लिंबाने त्याहून जास्त. मी सगळ्यांच्या मधोमध पडून होते, कोरडी ठक्क.

नर्सबाई काठी टेकत परत आल्या, फाटक उघडून आत आल्या आणि थिजल्या. तेवढ्यात फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"नर्सबाई, बाग कशी आहे?"

त्यांनी काड्या झालेल्या लिंबाकडे पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. "अगदी छान."

तेव्हापासून दर रविवारी काकांचा फोन येतो. नर्सबाई बागेत येऊन उत्तर देतात. शेवंतीला कळ्या आल्यात, लिंबं लगडलीत. मागच्या महिन्यात काका म्हणाले, "एक सांगू? जरा पाणी घाला ना. मला ऐकायचंय."

नर्सबाई लंगडत घरात गेल्या, कळशी घेऊन आल्या आणि त्यांनी मला भरलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मी. किती दिवसांनी माझ्यातून पाणी वाहिलं! खाली एक पान नव्हतं. नुसत्या मातीवर सर पडत राहिली आणि फोनमधून काकांचा श्वास ऐकू येत राहिला. मी रिकामी झाले तेव्हा ते म्हणाले, "बास. पुढच्या रविवारी पुन्हा."

आता दर रविवारी आम्ही दोघी उघड्या मातीला पाणी घालतो. संध्याकाळपर्यंत ती सुकते. तुम्हाला गॅलरीत बसलेले, कानाशी फोन धरलेले एक म्हातारे गृहस्थ कुठे भेटले, तर हवापाण्याच्या गप्पा मारा, तब्येत विचारा. इथलं काही सांगू नका.