ओढ्याच्या माशांचं पाणी

मी एक जुना तापमापक आहे. अंगावरचे आकडे पुसट झालेत, पण पोटातली लाल रेघ अजून खरं सांगते.

मित्रांनो, कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विजयसिंह सरांनी मला घरच्या माशांच्या टाक्यांसाठी आणलं. एका टाकीत राधानगरीच्या रानातल्या ओढ्याचे मासे, दुसरीत शिरोळकडच्या उथळ नदीतले. जात एकच, बोटाएवढी, चंदेरी. पण ओढ्याच्या माशांच्या कितीतरी पिढ्या गार पाण्यात वाढलेल्या, नदीच्या माशांच्या तापणाऱ्या पाण्यात. जिथं जे तगले, तिथं त्यांचीच पिल्लं पुढं आली. सर उन्हाळाभर ओढ्याच्या टाकीला ओलं गोणपाट गुंडाळत, मला बुडवत आणि विचारत, "बोल गड्या, किती?"

त्यांची मुलगी संयोगिता हसायची. "बाबा, माझा ताप कधी इतक्या वेळा बघितला होता का?"

चैत्रात सर गेले. गोणपाट वाळायला लागलं. रक्षाविसर्जनाला निघताना सरांच्या थोरल्या बहीण, अक्का, म्हणाल्या, "पोरी, मासं बी घे. विजूच्या रक्षेसंगं नदीत सोडू. मुकी जित्राबं, मागं कोण बघणार?"

"सगळे, अक्का?"

"व्हय की. पाणी सगळं एकच."

संयोगितानं मान डोलावली. त्या दिवशी ती सगळ्यालाच मान डोलावत होती.

पंचगंगेच्या घाटावर आधी रक्षा सोडली, मग मासे. नदीचे मासे सळकन निघून गेले. ओढ्याचे पायरीजवळच गरगर फिरले आणि कुशीवर कलंडले. ओढ्याचे मासे ज्या बादलीतून आणले, तिच्यात मीही तसाच राहिलो होतो. संयोगितानं मला नदीत धरलं. रेघ सरसर चढली.

"अगं बाई, ह्ये काय झालं?"

"त्यांना हे पाणी सोसत नाही, अक्का. सवय हळूहळू लावावी लागते. एकदम नाही."

"मग आधी बोलायचं न्हाय व्हय!" म्हणत अक्का गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी पदर पसरला. हाती लागले तेवढे मासे बादलीतल्या उरलेल्या गार पाण्यात परत आले. बाकीचे रक्षेवरच्या फुलांबरोबर वाहत गेले.

तिथूनच दोघी राधानगरीच्या वाटेला लागल्या. ओढ्याकाठी संयोगिता बादलीत ओढ्याचं पाणी वाटी-वाटीनं घालत बसली. माझी रेघ दोन्हीकडे सारखी झाली, तेव्हाच तिनं बादली कलती केली. मासे गेले. रिकामी बादली मात्र तिच्या हातून बराच वेळ सुटेना.

मित्रांनो, कुणाला सोडायचं असेल तर आधी त्या पाण्यात हात घालून पाहा. मायेनं सोडलेलंही मरतं.