टेपचे पहिले पाच वेढे

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. ज्याची गोष्ट आहे त्याची नोकरी टांगणीला आहे, आणि ज्याच्यावर आहे तो अजून खुर्चीत आहे. पण ज्याची गोष्ट तोच म्हणाला, "लिही रे बिनधास्त. लपवायचं असतं तर भोंग्यावर कशाला वाजवलं असतं?" म्हणून लिहितोय.

तर त्याला सगळे टेप्या म्हणायचे. नोकरी मंत्रालयात. पहिल्या मजल्यावर संस्कृती, दुसऱ्यावर माध्यमं, तिसऱ्यावर दळणवळण, आणि ह्या तिघांना नको झालेलं सगळं तळघरात. टेप्या तळघरात. जुन्या रेडिओच्या टेपा मशीनवर लावायच्या, कॉम्प्युटरमध्ये उतरवायच्या, डब्यावर चिठ्ठी डकवायची. चार वर्षं हेच.

त्याची आत्या एकेकाळी ह्याच मंत्रालयाच्या रेडिओवर होती. कार्यक्रमाचं नाव 'तक्रारपेटी'. लोकांची पत्रं यायची, आत्या 'तुमची ताई' म्हणून वाचायची, आणि ज्या खात्याची तक्रार त्याचे वाभाडे काढायची. सहा वर्षं चाललं. मग एकदा तिनं मंत्रालयाचीच तक्रार वाचली: एक माणूस नऊ वर्षं फोनच्या जोडणीसाठी थांबला होता. पुढच्या आठवड्यात पेटी बंद. तेव्हाचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे आताचे सचिवसाहेब. टेपांचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "ओल लागली बाई, फेकून दिल्या." आत्या पुन्हा माइकसमोर बसली नाही. घरी शिकवण्या घेत राहिली.

ह्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. यंदा मंत्रालयाला पन्नास पूर्ण होणार म्हणून जाडजूड स्मरणग्रंथ निघणार होता, त्यात रेडिओवर काम केलेल्या सगळ्यांची नावं. टेप्यानं आत्याकडून अर्ज लिहून घेतला आणि स्वतः वर नेऊन दिला. उत्तर दोन ओळींचं, खाली साहेबांची सही: 'असा कोणताही कार्यक्रम प्रसारित झाल्याची नोंद नाही.'

आत्यानं कागदाची बारीक घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. तेव्हापासून चष्मा बाहेर, कागद डबीत.

घरात नवीन वहिनी आली होती. ती बिचारी सहज विचारून गेली, "आत्या, तुम्ही खरंच होतात का हो रेडिओवर?"

आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणतात बाई तसं."

टेप्या शेजारीच जेवत होता. त्यानं तिथंच डूख धरला. एक दिवस ह्या साहेबाला चारचौघांत उघडा पाडायचा.

संधी साहेबांनीच ताटात वाढून दिली. जुने मंत्री वारले होते, आणि त्यांची मुलगी आता मंत्री होती. तिला खूश करायला साहेबांनी ठरवलं की तिच्या वडिलांची चारशे भाषणं उतरवून 'ध्वनिकोश' काढायचा. उद्घाटनाला बाहेरच्या अकरा देशांच्या संस्कृती आणि माध्यम मंत्रालयांचे पाहुणे. मागे एकदा कुणीतरी भाषणातल्या टाळ्या कापल्या होत्या आणि मॅडम भडकल्या होत्या, म्हणून साहेबांनी परिपत्रकच काढलं: प्रत्येक टेप पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत उतरवावी, कुणीही काहीही कापू नये.

टेप्यानं पहिल्या टेपच्या टोकाला कोरी पट्टी जोडली, म्हणजे पहिला इंचही सुटणार नाही, आणि भाषण लावलं. मंत्री बोलायच्या आधी पाच सेकंद एक बाई बोलली.

"नमस्कार, मी तुमची ताई. आज पत्र आलंय त्या दवाखान्यातून, जिथं पंखा आहे पण..."

खट्ट. "बंधू-भगिनींनो!"

टेप्यानं टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. आवाज आत्याचाच. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ओल कसली नि काय! साहेबांनी आत्याच्या टेपा मंत्र्यांच्या दौऱ्यावर पाठवल्या होत्या, वर भाषणं भरायला. पण दौऱ्यावरचा रेकॉर्डवाला प्रत्येक टेप लावताना तिचं टोक रिकाम्या चकरीला हातानं पाच वेढे गुंडाळायचा आणि मगच बटण दाबायचा. सगळेच तसं करतात, नाहीतर टेप सुटते. ते पाच वेढे मशीनच्या आवाज भरणाऱ्या हेडखालून गेलेच नाहीत. त्यांच्यावरचं पुसलंही गेलं नाही. साहेब जन्मात मशीनजवळ बसले नव्हते, त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

चारशे टेपांपैकी दोनशे अकरा आत्याच्या निघाल्या.

मंत्रालयाच्या गेटासमोर टेप्याच्या मित्राचं दुकान होतं, माइक आणि स्पीकर भाड्यानं देण्याचं. मित्राचं नाव भोंग्या. मंत्रालयाचे सगळे कार्यक्रम त्याच्याकडेच.

"प्रत्येक भाषणाचं पहिलं मिनिट वाजवायचंय," टेप्या म्हणाला. "नऊ भाषणं. निवडायचं काम माझ्याकडे दिलंय."

भोंग्यानं नऊ तुकडे ऐकले. मग टेप्याकडे बघितलं. "मेल्या, ह्यात तुझी नोकरीही जाईल आणि माझं कामही."

"तू कर म्हणत नाहीये."

"नको कधी म्हणालो? जाईल एवढंच म्हणालो. आत्यानं मला गणितात पास केलंय."

उद्घाटनाला सभागृह भरलं. पाहुण्यांच्या कानाला हेडफोन, मागच्या काचेच्या खोलीत दुभाषे. प्रत्येकाच्या मांडीवर स्मरणग्रंथ. आत्या शेवटच्या रांगेत, टेप्याच्या पासावर. तिला त्यानं फक्त एवढंच सांगितलं होतं की नवी साडी नेस.

साहेब बोलले. "हा ठेवा मी जिवापाड जपला," असं तीनदा म्हणाले. मग त्यांनी खूण केली आणि भोंग्यानं बटण दाबलं.

"नमस्कार, मी तुमची ताई. आज पत्र आलंय, ह्या गृहस्थांना फोनसाठी नऊ वर्षं..."

"बंधू-भगिनींनो!"

लोकांना वाटलं बिघाड असेल. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या तुकड्यात ताई म्हणाली, "ही पूल बांधणारी मंडळी पोहायला शिकलीत का?" आणि त्यावर मंत्री गरजले, "बंधू-भगिनींनो!" तेव्हा अख्खं सभागृह हसलं. दुभाषे इमानदारीनं सगळं सांगत होते, त्यामुळे पाहुणे दोन सेकंद उशिरा हसले.

साहेबांनी भोंग्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. भोंग्यानं कानाला हात लावला, 'ऐकू येत नाही' अशी मान हलवली आणि आवाज वाढवला. नऊच्या नऊ तुकडे वाजले.

"बाबांच्या भाषणांत ही बाई कोण बोलतेय?" मॅडमनी माइकवरच विचारलं.

"तांत्रिक बिघाड, मॅडम. अशा कुठल्या कार्यक्रमाची नोंदच..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका परक्या पाहुण्यानं हात वर केला. दुभाष्यानं त्यांचा प्रश्न सांगितला: "नऊ वर्षांनी त्या गृहस्थांना फोन मिळाला का?"

शेवटच्या रांगेत आत्या उभी राहिली.

"नाही मिळाला," ती म्हणाली. माइक नव्हता, पण रेडिओचा गळा, पहिल्या रांगेपर्यंत पोचला. "त्या आधीच ह्यांनी आमची पेटी बंद केली. ओल लागली म्हणाले टेपांना. ही बघा तुमची ओल, साहेब. सव्वीस वर्षांनी बोलतेय."

चष्म्याच्या डबीतून तो कागद काढून तिनं साहेबांची सही वाचून दाखवली. तारखेसकट. साहेबांचं तोंड कोळशासारखं झालं. टेप्या भिंतीला टेकून ते बघत राहिला. एकदाही नजर हलवली नाही, डोळे भरून बघून घेतलं.

बाहेर आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "इतका पातळ होता का रे माझा आवाज?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"मुद्दाम केलंस."

"हो साहेब. पण नियमात केलं. पहिल्या इंचापासून, तुमचंच परिपत्रक. कापलं असतं तर दोषी ठरलो असतो."

साहेब दात-ओठ खात बसले. मग टेप्याची चौकशी लावली आणि भोंग्याचं नाव ठेकेदारांच्या यादीतून उडवलं. मॅडमनी ग्रंथात आत्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायला सांगितली, पण साहेबांना हात लावला नाही. सात महिन्यांत निवृत्त होतोय म्हणे, होऊ दे सुखानं.

"सुखानं?" टेप्या भोंग्याच्या दुकानात बसून म्हणाला. "माफी नाही, काही नाही, आणि वर सुखानं?"

त्यानं खिशातून आत्याची चष्म्याची डबी काढली. आत आता कागदाऐवजी पेन ड्राइव्ह होता.

"नऊ झाल्या. उरल्या दोनशे दोन."

भोंग्यानं गेटाकडे बघितलं. साहेबांची गाडी रोज दहाला दहा कमी असताना ह्याच दुकानासमोर वळायची, आणि वळताना हळू व्हायची.

"दुकान माझं, भोंगा माझा, रस्ता सरकारचा," भोंग्या हळूच म्हणाला. "सात महिन्यांत कामाचे दिवस किती?"

"दीडशे."

"मग बावन्न उरतात की रे."

"त्याच्या घरासमोर एखादं दुकान भाड्यानं मिळतंय का बघ."

भोंग्या खो खो हसला. मग गंभीर झाला. "हे बघ, मला आता पोटासाठी गावोगाव लग्नं करत फिरायचंय. रोज सकाळी इथं मी नसणार. बटण तुला दाबावं लागेल. चार दिवसांनी कंटाळशील."

टेप्यानं दुकानाची किल्ली त्याच्या हातातून घेतली.

"ताप असो, चौकशी असो, घरी लग्न असो. दहाला दहा कमी, रोज एक. तो निवृत्त होईपर्यंत एक दिवस चुकवणार नाही. शब्द देतो तुला."