नव्या शेजाऱ्याचं जेवण

आमच्यात नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यानं त्याला जेवायला बोलवायचं असतं. त्याला येरुलिक म्हणतात. माझे सासरे ओराझबाय यांनी चाळीस वर्षं हे जेवण घातलं. अल्माटीच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून आमचं कोकसाय गाव. कुणाचं सामान ट्रकमधून उतरतंय असं कळलं की इकडे बाबांची सुरी दगडावर. मेंढी ते कापणार आणि टोपलीभर कांदे मी चिरणार.

मग बारा मजली इमारती आल्या. पहिल्याच इमारतीत एकशेवीस बिऱ्हाडं. बाबा लिफ्टनं वर जाऊन एकेक दार वाजवत. "आम्ही काही मागवलेलं नाही," असं फटीतून ऐकून परत येत.

"बाबा, पुरे झाली शोभा," मी एकदा वैतागून म्हटलं. "अख्ख्या शहराला जेवू घालणार आहात का?"

"आपण बोलावलं नाही तर ते इथले होणार कसे गं?"

दिदार तेवढा आला. विमानतळावर गोदामात कामाला होता, बायको पोटुशी. आडवा हात मारून जेवला आणि जाताना बाबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "आजोबा, तुमच्याशिवाय इथे आमचं आहे कोण?"

दोन वर्षांत तो इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष झाला आणि पालिकेत अर्ज गेला. ओराझबाय यांच्या मेंढ्यांचा वास येतो, चुलीचा धूर येतो. पहिली सही दिदारची. खाल्ल्या मिठाला चांगला जागला! मेंढ्या गेल्या. पुढे विमानतळाचा रस्ता रुंद झाला, त्यात घरही गेलं. बदल्यात आम्हाला फ्लॅट मिळाला तोही त्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात दिदार.

"आजोबा, उद्या आमच्याकडे जेवायला या. तुम्ही नवीन ना इथे! तुम्हीच तर शिकवलीत ही रीत."

तो टोमणा मारत नव्हता. अगदी मनापासून बोलावत होता, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा पांढरेफटक पडले. ते जेवण जेवायचं म्हणजे आपण इथले नव्हतोच, परवा आलो, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं.

दार लागल्यावर मी म्हटलं, "जाऊ नका. बरं नाही म्हणून सांगते मी."

"रीतीला नाही म्हणायचं नसतं. तेवढी तरी माझी राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांना मानाच्या जागी बसवलं, वडीलधाऱ्याचा मान म्हणून पुढ्यात मेंढीचं शिजवलेलं डोकं ठेवलं. कशात म्हणून कमी नव्हतं. आणि दिदार त्यांना समजावत होता, दुकान कुठे, कचरा कुठे टाकायचा. "आणि आजोबा, इथे उन्हाळ्यात पाणी जातं बरं का. भरून ठेवत जा." ज्या माणसानं इथला कालवा स्वतःच्या हातांनी खणला, त्याला हा सांगत होता! बाबा मान डोलावत होते.

जेवणं झाली की वडीलधाऱ्या पाहुण्यानं तळवे वर करून घराला आशीर्वाद द्यायचा असतो. सगळ्यांनी हात पुढे धरले.

"तुझी मुलं इथे वाढोत," बाबा म्हणाले. "तू इथेच म्हातारा हो."

विमान डोक्यावरून गेलं. भिंती थरथरल्या. इथल्या जुन्या माणसांसारखे बाबा तळवे तसेच धरून थांबले, आणि आवाज विरल्यावर पुढे म्हणाले, "आणि मग एक दिवस कुणीतरी भला माणूस तुझं दार वाजवो. म्हणो, आजोबा, तुम्ही नवीन ना इथे, या जेवायला."

"आमीन!" दिदारनं खुशीत दोन्ही हात तोंडावरून फिरवले. त्याच्या बायकोचे हात मात्र हवेतच राहिले. तिनं मुलीला जवळ ओढलं.

मीही आमीन म्हटलं. अगदी मनापासून.