माद्रिदच्या राजकन्येचे माहेर

कुंदाआई दवाखान्यातून परत येणार नाही हे सकाळच्या फोनवर कळले, तेव्हा मी शिवणाच्या टेबलावर पडून होते. माझ्या घागऱ्याला तिनेच टोचलेली टाचणी तशीच होती. तिचे यजमान वासुदेवराव यांनी तिच्यासाठी पिशवीत भरलेले धुतलेले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवले.

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. हायडेलबर्गच्या या घरात, कुंदाआईच्या नारायणपेठी साडीतून माझा जन्म झाला. ती विद्यापीठात स्पेनच्या राजघराण्याचा अभ्यास करायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी माद्रिदची राजकन्या मार्गारिता लग्न होऊन व्हिएन्नाला गेली आणि एकविसाव्या वर्षी तिथेच वारली. माहेरी पुन्हा कधी आलीच नाही. कुंदाआईच्या मनाला ते फार लागले. म्हणून तिने मला त्या राजकन्येचे रूप दिले, आणि दरवर्षी गौरी माहेरी येतात तेव्हा आरासीत मलाही बसवू लागली. रुंद घागऱ्याचा सांगाडा वासुदेवरावांनी तार वाकवून केला. ते इंजिनियर. सांगाडा इतका भक्कम झाला की मी कुठल्याच खोक्यात सरळ मावले नाही.

इथल्या मराठी मंडळातली मुले माझ्याभोवती बसत. कुंदाआई सांगे, "हिचा नवरा म्हणजे हिचा सख्खा मामा. हिच्या आईचंही लग्न मामाशीच झालेलं. ही तर लग्नानंतरही नवऱ्याला मामाच म्हणायची."

"म्हणजे 'अहो मामा'?" वासुदेवराव स्वयंपाकघरातून विचारत.

"तुम्ही पुरणाकडे बघा. खाली लागेल."

मुले हसत. नैवेद्यातली एक पोळी माझ्यापुढेही येई. खऱ्या राजकन्येला जे मिळाले नाही, ते मला दरवर्षी मिळाले.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी उर्जा हिने विचारले, "हिला न्यायला कुणीच का गेलं नाही?" मार्गारिता निघाली तेव्हा तिचा भाऊ कार्लोस अवघा चार वर्षांचा होता. कोण जाणार? बहिणीला माहेरी न्यायला जाणाऱ्या भावाला आपण मुराळी म्हणतो. कुंदाआईने माझा मुराळी शिवायला घेतला. चेहरा झाला, डगला झाला. मग ती आजारी पडली.

ती गेल्यावर वासुदेवरावांनी आम्हा भावंडांना तळघरात ठेवले. "एखाद्या किंडरगार्टनला देऊन टाकू," असे ते फोनवर म्हणत होते. परक्या घरी कायमचे जाणे काय असते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक?

गौरींचे दिवस आले. वर्षाच्या आत घरात सण करायचा नव्हता. उर्जा कोलोनहून आली होती.

"गौरी नाहीत, गेनाऊ, अगदी बरोबर," ती वर जिन्यापाशी म्हणाली. "पण बाबा, तळघरातली राजकन्या कुठे देव आहे? तिला वर आणू या."

वासुदेवरावांनी खुंटीवरची किल्ली काढली. मग ते स्वतः खाली आले. माझ्यावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली.

"चल बाई," ते म्हणाले. "मुराळी म्हातारा आहे, चालवून घे."

किंडरगार्टनचे नाव पुन्हा निघाले नाही. आता मी खिडकीत बसते. इथून नदी दिसते. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी अंधारात ठेवलेले असेल. वर्षातून एकदा तरी त्याला न्यायला जा. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही.

कार्लोस माझ्या शेजारी भिंतीला टेकून आहे. त्याचे पाय अजून शिवायचे आहेत.